त्या मंगळवारी कोण आलं होतं

पत्र शुक्रवारी आलं. गेलन थिबोडोने ते टपालपेटीपाशी, पिकअपचं इंजिन चालू ठेवूनच उघडलं. एकदा वाचलं, इंजिन बंद केलं आणि पुन्हा वाचलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या पुऱ्या आठवड्यात काम शोधल्याचं त्याने जे लिहून दिलं होतं, ते पडताळणीत टिकलं नव्हतं. त्याने दोन ठिकाणांची नावं दिली होती. त्यातल्या एका मालकाने बेकारी भत्त्याच्या कचेरीला फोनवर सांगितलं होतं की गेलन थिबोडो त्या आठवड्यातल्या मंगळवारी आपल्याकडे आलाच नव्हता. म्हणून त्या आठवड्यापासून त्याचा भत्ता थांबवण्यात आला होता. मुद्दाम खोटं लिहिलं का, याचाही विचार होणार होता. हरकत असेल तर सुनावणी मागता येईल. ती फोनवर होईल.

मालकाचं नाव पत्रातच होतं: हॉलिस क्राऊच.

गेलनने तेवढी ओळ बोटाखाली धरून वाचली. हॉलिसला तो शाळेपासून ओळखत होता. हॉलिसच्या लग्नात मागे उभा राहिलेला तोच, आणि हॉलिसच्या वडिलांची शवपेटी उचलणाऱ्यांतलाही एक तोच. त्या मंगळवारी तो हॉलिसच्या दुकानात गेला होता. मागच्या शेडमध्ये उभं राहून त्याने काम मागितलं होतं. याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती.

अमेरिकेच्या मेन राज्यातली, उत्तरेकडची आमची कागद गिरणी बंद पडली त्याला तेव्हा दुसरा हिवाळा लागला होता. पहिले काही महिने बेकारी भत्ता नेहमीसारखा मिळाला. तेव्हा कचेरीवाले फार विचारत नसत. मग तो संपला आणि सरकारने वाढीव आठवडे सुरू केले, कारण मंदी हटत नव्हती. वाढीव आठवड्यांचे नियम कडक होते. दर आठवड्याला दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन काम मागायचं, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळालं ते लिहून पाठवायचं. गिरणीत तुम्ही काय होतात याला किंमत नाही. जे मिळेल ते घ्यायचं. आणि एक आठवडा चुकला तर एका आठवड्याचे पैसे कापून विषय संपत नव्हता. दारच बंद व्हायचं. कुठेतरी नोकरी लागून काही आठवडे पगार कमावून दाखवला तरच ते पुन्हा उघडणार. म्हणजे ज्याला नोकरी मिळत नाही म्हणून भत्ता, त्याने भत्त्यासाठी आधी नोकरी मिळवायची. गावात नोकरी नव्हती. गिरणीचं फाटक साखळीने बांधलेलं होतं आणि त्यावर बर्फ साचलं होतं.

गेलनची बायको ॲर्लीन वृद्धाश्रमात दिवसपाळीला जायची, तेही आठवड्यातले थोडेच दिवस. तिच्या पगारात एक तर घराचा हप्ता निघाला असता किंवा घर गरम ठेवायचं तेल आलं असतं. दोन्ही नाही. जानेवारीत आमच्याकडे तेलाशिवाय घर म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. पाणी गोठून नळ फुटतात, मग माणसं बाहेर पडतात, मग घर बँकेचं होतं. त्यांच्याच रस्त्यावर अशी तीन घरं रिकामी होती.

त्याने पिकअप वळवली आणि तो थेट हॉलिसकडे गेला.

हॉलिसचं दुकान महामार्गालगत होतं. खिळे, काडतुसं, फावडी, कॉफी, सगळं एकाच छताखाली. बाहेर सरकारी पाटी: शिकारीची नोंद इथे होते. मारलेलं हरीण अशा ठिकाणी आणून त्याची नोंद करायची, बिल्ला लावून घ्यायचा, हा कायदा, आणि तो पाळला जातो का हे बघायला सरकारचा वॉर्डन. त्या पाटीमुळे नोव्हेंबरभर अख्खा परिसर हॉलिसकडे येई, आणि आला की काही ना काही घेऊन जाई. मागच्या शेडमध्ये तो हरणं सोलून, कापून, कागदात बांधून देई. त्याचं वर्ष त्या एका महिन्यावर चालायचं.

हॉलिस शेडमध्येच होता, रक्ताळलेला ॲप्रन लावून. गेलनने पत्र पुढे केलं. हात खराब म्हणून हॉलिसने ते हातात घेतलं नाही. मान वाकडी करून, गेलनच्या हातातलंच वाचलं. वाचता वाचता त्याचे ओठ हलायचे थांबले.

"ती वॉर्डन नव्हती?" त्याने विचारलं.

"कोण?"

"फोनवर बाई होती. म्हणाली, राज्य सरकारकडून बोलतेय. गेलन थिबोडो मंगळवारी तुमच्याकडे आले होते का? गेलन, शिकारीच्या दिवसांत सरकारचं माणूस विचारतंय की अमका कुठे होता. मी काय समजू?"

गेलनने पत्राची घडी घातली. हॉलिसच्या जागी तो असता तर त्यानेही तेच समजलं असतं. आमच्याकडे नोव्हेंबरात कोणी अनोळखी आवाज कोणाबद्दल विचारू लागला, तर उत्तर ठरलेलं असतं: नाही बुवा, दिसला नाही. तीनेक पिढ्यांची सवय आहे. वॉर्डनचा पोरगा ज्या शाळेत जातो तिथली पोरंसुद्धा हे उत्तर देतात.

आणि त्या मंगळवारी वॉर्डनपासून लपवण्यासारखं होतं. परवान्यावर माणशी एकच हरीण. गेलनने आपलं पहिल्याच शनिवारी मारलं होतं. मंगळवारी आणलेलं दुसरं. ते ॲर्लीनच्या परवान्यावर नोंदवलं गेलं. ॲर्लीनने आयुष्यात बंदूक उचललेली नाही, पण परवाना ती दर वर्षी काढते, जशा आमच्याकडच्या निम्म्या बायका काढतात. बायकोचा बिल्ला हा इथला जुना प्रकार आहे. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. कायदा मात्र म्हणतो. दंड आहे, बंदूक जाते, परवाना जातो, आणि न्यायाधीशाच्या मनात आलं तर काही दिवस तुरुंगही आहे. नोंद करणाऱ्याची पाटी तर जातेच.

"मी नुसतं नाही म्हणून थांबलो नाही," हॉलिस म्हणाला. आता तो हळू बोलत होता, जणू लटकलेली हरणं ऐकत होती. "म्हटलं, गेलन नाही आला. त्याची बायको आली होती. तिनेच मारलेलं हरीण घेऊन."

"ॲर्लीनने मारलेलं."

"मला वाटलं मी तुला वाचवतोय, लेका. फोन ठेवला तेव्हा छाती फुगली होती माझी. बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, कसं उडवून लावलं."

"ॲर्लीनला घरातला उंदीर मारवत नाही. मला हाक मारते."

हॉलिसला हसू आलं, आणि लगेच गेलं. त्याने ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाला की आपण साक्ष देऊ. सांगू, विसरलो होतो. गर्दीचा दिवस होता, वय झालं, कोण आलं कोण गेलं लक्षात राहत नाही. हरणाचा विषयच काढायचा नाही. गेलनलाही दुसरं काही सुचलं नाही. दोघांनी ते तिथेच ठरवलं. निघताना हॉलिसने त्याला दारात थांबवलं.

"गेलन, ही पाटी गेली तर दुकान गेलं. एवढं लक्षात असू दे."

सुनावणीची तारीख नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरची मिळाली. मधल्या काळात पैसे बंद, पण काम शोधणं बंद करायची सोय नव्हती. निकाल बाजूने लागला तरी मधल्या आठवड्यांची नोंद हवीच. तो रोज निघायचा. लाकूड कापायच्या करवतीच्या कारखान्यात, शाळेच्या बसगाड्यांच्या आवारात, बटाट्याच्या गोदामात. सगळीकडे त्याच्यासारखेच गिरणीतले आधी येऊन गेलेले. काम मागून झालं की तो समोरच्याला म्हणायचा, तुम्हाला फोन आला तर कृपा करून सांगा की मी आलो होतो. हे सांगताना त्याचा आवाज पडायचा आणि समोरचा माणूस त्याच्याकडे जरा निरखून पाहायचा.

भीती घरात शिरली ती हळूहळू. अंगणातल्या खडीवर चाकं वाजली की तो खिडकीपासून बाजूला व्हायचा. वॉर्डनचा हिरवा ट्रक महामार्गावरून नेहमीच जायचा. आता तो गेला की गेलन ऐकत राहायचा, पुढच्या वळणाला आवाज कमी होतो की नाही. तळघरातल्या फ्रीझरमध्ये दोन्ही हरणांचं मांस होतं, हॉलिसच्याच अक्षरात लिहिलेल्या पुड्यांत. एका रविवारी तो म्हणाला, दुसऱ्या हरणाचं मांस जंगलात नेऊन टाकतो.

ॲर्लीन तव्यावर प्लोय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची आमच्याकडची धिरडी, टाकत होती. तिने मान वर केली नाही.

"मग खाणार काय? पत्र?"

"सापडलं तर?"

"सापडलं तर दोन हरणं, दोन परवाने. बरोबर जमतं." मग ती थांबली. "जमत नाही ते एवढंच की मी त्या दिवशी कामावर होते. सकाळी हजेरीचं कार्ड टोचून आत गेले ते अंधार पडल्यावर बाहेर आले. मिसेस पेल्कीला त्या दिवशी मीच अंघोळ घातली. कोणीही विचारलं तर दोन मिनिटांत कळेल."

हे तिने शांतपणे सांगितलं, पण प्लोय तिच्या हातून करपला. ती एरवी कधी करपू देत नाही.

गेलनने हिशेब मांडून पाहिला. मी हॉलिसकडे गेलो नव्हतो म्हटलं, तर हरीण सुरक्षित, भत्ता गेला आणि वर खोटारडा ठरलो. गेलो होतो म्हटलं, तर हॉलिस खोटं बोलला. का बोलला असं कोणी विचारलं की सगळंच उघडं. मधला एकच रस्ता होता, हॉलिसचं विसरणं. त्या एका शब्दावर सगळं उभं होतं.

सुनावणीच्या दिवशी ॲर्लीनने पाळी बदलून घेतली. स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन ठेवला, आवाज मोठा केला. गेलनने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने त्याची कॉलर नीट केली.

सुनावणी घेणाऱ्या बाईंचं नाव हॅलोरन. आवाज ना गोड ना कडू. त्यांनी आधी सांगितलं की सगळं ध्वनिमुद्रित होतंय. मग त्यांनी हॉलिसला जोडून घेतलं. दोघांनी शपथ घेतली. तारेपलीकडे हॉलिसचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

गेलनने आपलं सांगितलं. त्या मंगळवारी दुपारी दुकानात गेलो, मागच्या शेडमध्ये हॉलिसला भेटलो, हरणं कापायच्या कामाला माणूस हवा आहे का विचारलं. हवा नाही म्हणाला. बस. हॅलोरनबाईंनी विचारलं, दुसऱ्या कशासाठी गेला होतात का? गेलन म्हणाला, दुकान आहे, जाणं होतंच. 

मग हॉलिस. तो ठरल्याप्रमाणे म्हणाला. फोन आला तेव्हा गडबड होती. विसरलो. आता आठवतं, आला होता.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. बाईंनी पडताळणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची टिपणी वाचून दाखवली. 'मालक म्हणतात, गेलन थिबोडो आले नाहीत. त्यांची पत्नी आली होती, स्वतः मारलेलं हरीण घेऊन.'

"मिस्टर क्राऊच," त्या म्हणाल्या, "विसरलेला माणूस असं उत्तर देत नाही. तुम्ही कोण आलं ते सांगितलंत, काय घेऊन आलं तेही सांगितलंत. तेव्हा तुम्हाला स्पष्ट आठवत होतं. आज वेगळं आठवतंय. यातलं कोणतं मी धरू?"

 फोनवर नुसती खरखर. गेलनने टेबलाची कड धरली होती. बोलावं तर काय बोलावं, आणि न बोलावं तर हे शांत राहणंच नोंदवलं जातंय.

"मिसेस थिबोडो घरी आहेत का?" बाईंनी विचारलं.

ॲर्लीन ओट्याला टेकून उभी होती. तिने गेलनकडे पाहिलं. त्याने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती पुढे आली, खुर्चीत बसली. शपथ घेताना तिने उजवा हात वर केला, फोनवर कोणी पाहत नसताना.

"तुम्ही त्या मंगळवारी मिस्टर क्राऊच यांच्या दुकानात गेला होतात का?"

हो म्हणणं सोपं होतं. दोघं गेलो होतो म्हटलं असतं तर कदाचित सगळंच सावरलं असतं. गेलनला वाटलं ती तेच म्हणणार. तिने फोनकडे पाहिलं, जणू त्यात माणूस बसलंय.

"नाही," ती म्हणाली. "मी कामावर होते. मी गेले नव्हते. हा गेला होता."

"मग हरीण?"

"ते मला मारता येत नाही, मॅडम. मला उंदीर मारता येत नाही."

खोलीत फ्रिजची घरघर तेवढी राहिली.  आता मागे फिरायला जागाच नव्हती, आणि त्यामुळे त्याला बोलता आलं.

"मी आणलं होतं," तो म्हणाला. "मी मारलं. तिच्या परवान्यावर घातलं. हॉलिसला वाटलं फोन वॉर्डनचा आहे. म्हणून तो तसं बोलला. माझ्यासाठी बोलला."

"अरे ए," हॉलिस पलीकडून पुटपुटला. बस, एवढंच.

 हॅलोरनबाईंनी सांगितलं की तिघंही शपथेवर आहेत आणि ध्वनिमुद्रण चालू आहे, तेव्हा विचारलं नसेल ते सांगायची गरज नाही. त्यांच्यापुढे प्रश्न हरणाचा नाही. प्रश्न एवढाच की त्या आठवड्यात या माणसाने खरोखर काम मागितलं का. आधी खोटं बोललेला साक्षीदार आता खरं बोलतोय असं त्यांनी का समजावं? हा प्रश्न त्यांनी हॉलिसला विचारला. गेलनने नेमकं काय म्हटलं होतं? शब्द आठवतात का?

हॉलिसने सांगायला वेळ घेतला. आमच्याकडे कोणी काम सरळ मागत नाही. माणूस येतो, इकडेतिकडे बघतो, म्हणतो, चांगलीच गर्दी आहे तुझ्याकडे. मालक म्हणतो, हो ना, कसंबसं निभावतोय. त्यात मागणंही झालं आणि नाही म्हणणंही झालं. कोणाला खाली मान घालावी लागत नाही. हे हॉलिसने त्याच्या भाषेत, अडखळत सांगितलं.

"तसं केलं असतं तर मला आठवलंही नसतं," तो म्हणाला. "पण यानं सरळ विचारलं. समोर उभं राहून. हॉलिस, मला कामावर घेतोस का? सुरी चालवता येते, म्हणाला, झाडू मारीन म्हणाला. चाळीस वर्षं ओळखतो मी याला, मॅडम. कुठे बघावं ते कळेना मला. मी हरणाकडे बघितलं आणि म्हटलं, मेहुणा आहे माझा मदतीला."

गेलन टेबलाकडे पाहत राहिला. ॲर्लीनला हे शब्द नवे होते. त्याने घरी येऊन फक्त एवढं सांगितलं होतं की हॉलिसकडे काही नाही.

निकाल टपालाने येईल, असं सांगून बाईंनी फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस सर्वांत वाईट गेले. आता ते ध्वनिमुद्रण कुठेतरी होतं. सरकारच्या एका कचेरीतलं दुसऱ्या कचेरीत जायला कितीसा वेळ लागतो? गेलन पिकअपचा आवाज ओळखायला शिकला: पोस्टमनचा, शेजाऱ्याचा, बर्फ सारणाऱ्याचा. रात्रीचं जेवण तो दाराकडे तोंड करून जेवायचा. ॲर्लीनने फ्रीझरला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दिवशी काढलं, कारण कुलूप पाहिल्यावर कोणीही विचारलं असतं की आत काय आहे.

वॉर्डन आला नाही. त्याच्याकडेही नाही, हॉलिसकडेही नाही. पण हॉलिसने वाट पाहिली नाही. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने शिडी लावून पाटी उतरवली आणि राज्याला कळवून टाकलं की आता झेपत नाही. नळीत दारू ठासून मारायच्या जुन्या बंदुकांचा हंगाम अजून उरला होता. लोक हरीण घेऊन आले, पाटीची रिकामी चौकट पाहून थांबले, आणि पुढच्या गावाला गेले. का उतरवली, हे हॉलिसने सांगितलं नाही. त्याच्या बायकोने गावभर सांगितलं.

निकाल आला. गेलनने काम मागितलं होतं, असं ठरलं. थांबवलेल्या सगळ्या आठवड्यांचे पैसे मिळणार होते. मुद्दाम खोटेपणा नाही. हरणाचा शब्दही त्यात नव्हता. ॲर्लीन ते वाचून खुर्चीत बसली आणि तिने तोंडावर हात धरला. तळाला एक ओळ होती: वाढीव भत्ता चालू राहण्यासाठी दर आठवड्याला कामाचा शोध आणि त्याची नोंद आवश्यक.

त्या आठवड्यात तो बसगाड्यांच्या आवारात गेला. तिथल्या मुकादमाने, रेनल्डने, त्याला कॉफी देऊन बसवलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. गेलनने काम विचारलं तेव्हा रेनल्डने दार लोटून घेतलं.

"हे बघ, सरपण हवं असेल तर माझ्या ढिगातून ने. ट्रकभर ने. पण माझं नाव त्यांना देऊ नकोस."

"रेनल्ड, नाव दिल्याशिवाय ते धरत नाहीत."

"मला सगळं कळतं. पण तू नाव दिलंस की फोन येतो. फोन आला की माणूस काहीतरी बोलतो. मग शपथ. हॉलिसचं काय झालं बघ." त्याने कॉफीचा कप उचलून ठेवला. "तुझ्यावर राग नाही रे."

करवतीच्या कारखान्यातही तेच, जरा कमी शब्दांत. गोदामवाल्याने त्याची पिकअप आवारात शिरताना पाहिली आणि तो मागच्या दाराने निघून गेला. कोणी शिवी दिली नाही, कोणी ओळख टाकली नाही. आमच्याकडे कोणाचंच सगळं कागदावर नसतं. कोणी मेव्हण्याला रोखीने राबवतो, कोणी परवान्याशिवाय लाकूड विकतो, कोणाच्या फ्रीझरमध्ये बायकोचा बिल्ला. या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून त्या सुरक्षित असतात. गेलनने त्या शपथेवर सांगितल्या होत्या. आता तो ज्याचं नाव लिहील त्याच्या दारात सरकार येऊन उभं राहील, असं गावाने धरलं.

शनिवारी आठवडा संपत होता. एक नाव त्याच्याकडे होतं. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात ॲर्लीनने त्याला अर्ज भरायला लावला होता. दुसरं नव्हतं. तो सकाळी निघाला, दोन गावं मागे टाकली, आणि दुपार कलल्यावर तळ्याकाठच्या एका दुकानापाशी पोहोचला. गळाला लावायचे मासे, सूप, सिगारेटी, पेट्रोलचा एक पंप. या दुकानात तो आधी कधी आला नव्हता. म्हणूनच त्याने ते निवडलं होतं.

काउंटरमागे साठीची बाई होती, अंगात पुरुषी जाकीट. मागे एक तरुण माणूस पिंपातलं बर्फ फोडत होता. गेलनने टोपी काढली आणि सरळ विचारलं. आता त्याला ते जमत होतं.

बाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माणूस नको म्हणाली, पण बरं बोलली. कुठले तुम्ही? त्याने गाव सांगितलं. नाव? त्याने नाव सांगितलं. तिने काउंटरवरचा हात मागे घेतला.

"थिबोडो," ती म्हणाली. "ते हरणाचे."

"हो."

ती मागच्या माणसाकडे वळली, त्याला पंपाकडे जाऊन बघ म्हणाली. तो गेल्यावर ती पुढे वाकली.

"हा माझा भाचा. मी त्याला हातावर पैसे देते. तो भत्त्याच्या कागदावर काय लिहून देतो ते मी विचारत नाही. तुम्ही माणूस वाईट दिसत नाही. सूप पाजते तुम्हाला. पण माझं नाव लिहू नका."

"मी फक्त काम मागायला आलो होतो एवढंच त्यांना सांगायचं. दुसरं काही नाही."

"तेव्हाही एवढंच होतं ना?"

 बाहेर उजेड मावळत होता. यापुढे रस्त्यावर उघडं असं काही नव्हतं, नुसतं जंगल आणि मग सरहद्द. त्याने सूप नको म्हटलं, आभार मानले, टोपी घातली. वळताना त्याची नजर काउंटरमागच्या भिंतीवर गेली. तिथे चौकटीत दुकानाचा परवाना लटकत होता आणि त्यावर तिचं नाव टाइप केलेलं होतं. बर्निस होल्ट. खाली पत्ता. त्याने ते वाचलं. तिने त्याला वाचताना पाहिलं.

"मिस्टर थिबोडो," ती म्हणाली.

तो बाहेर आला. पिकअपमध्ये बसला, तेव्हा हीटर गरम व्हायला वेळ लागला आणि बोटं नीट वाकेनात. त्याने कागद गुडघ्यावर ठेवला. भाचा पंपापाशी उभा होता, हातात काही नसताना, त्याच्याकडे पाहत. खिडकीत ती आली होती. गेलनला क्षणभर वाटलं की इथूनच निघून जावं, आणि त्या वाटण्यापाठोपाठ त्याला ॲर्लीन दिसली, पत्र हातात घेऊन खुर्चीत बसलेली.

त्याने बर्निस होल्ट असं लिहिलं. पत्ता लिहिला. काय उत्तर मिळालं या रकान्यात लिहिलं: माणूस नको. मग तारीख घातली.

मान वर केली तेव्हा पंपापाशी कोणी नव्हतं आणि दुकानातला दिवा मालवलेला होता. दोघंही आत अंधारात होती, आणि तो निघून जाण्याची वाट पाहत होती.